आधी गाळ काढा, मग कमान उभारा

बसा. मोबाईल पालथे ठेवा. शेवटच्या रांगेत जे कुजबुजताहेत त्यांनी पुढे या. पन्नाशी जवळ आली तरी तुमची जागा काही बदललेली दिसत नाही.

तुमच्या गड विकास समितीचं निवेदन मी वाचलं. ते पालकमंत्र्यांना द्यायचं आहे आणि पहिली सही माझी हवी आहे, म्हणजे कागदाला वजन येईल. सही मिळणार नाही. का मिळणार नाही ते ऐका, आणि मधे बोलू नका.

तुमच्या निवेदनात गडाच्या वाटेवर भव्य कमान आहे, अश्वारूढ पुतळा आहे, तटाला रंगीत रोषणाई आहे, पायथ्यापासून बालेकिल्ल्यापर्यंत पेव्हर ब्लॉक आहेत, ध्वनिप्रकाश कार्यक्रम आहे, सेल्फी पॉइंटसुद्धा आहे. आणि अगदी शेवटच्या ओळीत, कागद संपत आला म्हणून लिहावं तसं, 'व इतर आवश्यक सुविधा'. या 'इतर'मध्ये काय काय आलं? पाणी आलं, शौचालय आलं, उत्तरेचा पोट सुटलेला बुरूज आला, गाळाने भरलेली टाकी आली, पहारेकरी आला. ज्याच्यावाचून गड उभा राहत नाही आणि माणूस गडावर थांबू शकत नाही, ते सगळं तुम्ही एका शब्दात कोंबून मोकळे झालात. वर्गात कोणी असा पेपर लिहिला असता तर मी तो पालकांना बोलावून दाखवला असता.

'सर, सरकारकडे गडांसाठी पैसाच नाही हो,' हे वाक्य तुमच्यातल्या प्रत्येकाच्या तोंडी आहे. एक काळ होता, तेव्हा ते खरं होतं. जेम्स डग्लस नावाच्या इंग्रजाने १८८३ साली मुंबईवरच्या पुस्तकात रायगडावरच्या शिवाजी महाराजांच्या समाधीची दुर्दशा लिहिली, तेव्हा आपल्याकडे थोडी चुळबुळ झाली. मग इंग्रज सरकारने समाधीच्या देखभालीसाठी वर्षाला रोख पाच रुपये मंजूर केले. पाच. ज्या माणसाने राज्य उभं केलं त्याच्या समाधीची वर्षाची किंमत पाच रुपये. टिळकांनी १८९५ मध्ये रायगडाच्या स्मारकासाठी वर्गणी काढली ती या पार्श्वभूमीवर, आणि समाधीचा जीर्णोद्धार व्हायला १९२० चं दशक उजाडलं. त्या पिढीने पैसा नाही म्हटलं असतं तर मी मान खाली घालून ऐकलं असतं. तुमचं ऐकणार नाही. त्याच रायगडासाठी आणि पायथ्याच्या परिसरासाठी सहाशे कोटींच्या घरातला आराखडा झाला, त्यासाठी वेगळं प्राधिकरण नेमलं गेलं. जिल्हा वार्षिक योजनेतला तीन टक्के निधी गडकिल्ले, मंदिरं आणि संरक्षित स्मारकं यांच्या जतनासाठी ठेवण्याचा सरकारी निर्णय आहे. तुमच्यातला एक जण जिल्हा परिषदेत पाच वर्षं बसून आला. त्या तीन टक्क्यांतलं आपल्या तालुक्यात किती आलं आणि कशावर गेलं, हे त्याने एकदा तरी विचारलं का? खाली बघू नकोस, तुझ्याशीच बोलतोय.

पैशाचा क्रम कसा लावावा हे आपल्याला बाहेरून शिकावं लागत नाही. १६७१-७२ च्या सुमारास महाराजांनी गडांच्या बांधकामासाठी खर्चाचा जाबता करून दिला. एकूण एक लाख पंचाहत्तर हजार होन, त्यातले पन्नास हजार एकट्या रायगडाला, बाकीचे गडागडावर वाटून दिलेले. कोणत्या गडाला किती, हे नावानिशी लिहिलेलं आहे. राज्याभिषेक व्हायचा होता, मोगल दाराशी होते, तरी गडांची रक्कम आधी वेगळी काढून ठेवलेली. याला अंदाजपत्रक म्हणतात. तुमच्या निवेदनात 'भरीव निधी' असं लिहिलंय. भरीव म्हणजे किती? कशाला किती? कोणत्या कामाआधी कोणतं? काही नाही. नुसती झोळी पुढे केली आहे.

आणि रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र. नववीला मी ते तुम्हाला वाचून दाखवलं होतं, तेव्हा तुमच्यातले निम्मे खिडकीबाहेर बघत होते. त्यात गडांचं प्रकरण आहे. गड बांधायचा तर पंत सुरुवात कुठून करतात? पाण्यापासून. गडावर आधी पाणी पाहावं. पाणी नसेल आणि तरी जागा बांधणं भाग असेल तर खडक फोडून टाकी-तळी करावीत. एका झऱ्यावर विसंबून राहू नये, साठवणीचं पाणी वेगळं राखावं. मग झाडांविषयी सांगतात, तटावर वाढणाऱ्या झाडोऱ्याविषयी सांगतात, आणि केराविषयी तर इतकं बारीक सांगतात की लाज वाटावी. वाटेवर, बाजारात, तटावर कुठेही केर पडू देऊ नये. झाडलेला केर गडाखाली ढकलू नये. जागच्या जागी जाळून ती राख परसात टाकावी आणि त्यावर भाजीपाला काढावा. तीनशे वर्षांपूर्वीचा कारभारी माणूस हे लिहितो, आणि तुमच्या समितीच्या मागच्या कार्यक्रमानंतर पाण्याच्या बाटल्या आणि नाश्त्याच्या द्रोणांचा ढीग पश्चिमेच्या कड्यावरून खाली लोटला गेला. मी खालच्या वाडीत विचारून आलोय. गुरांनी प्लास्टिक खाल्लं तेही सांगितलं त्यांनी.

आता तू ऊठ. हो, कंत्राटदार. उभा राहा जरा. मागच्या वर्षी महादरवाजाच्या डाव्या अंगाचा तट तू दुरुस्त केलास. फोटो मला पाठवलास, खाली लिहिलंस, 'काम एकदम पक्कं, सर'. पक्कं कशाने? सिमेंटने. दरजा भरल्या सिमेंटने आणि वरून एकसारख्या रेघा मारल्या, एखाद्या बंगल्याच्या कुंपणासारख्या. तुला वाटलं चुना कच्चा आणि सिमेंट पक्कं. मग ऐक. तट म्हणजे भरीव दगड नसतो. दोन बाजूंना घडीव दगडांची तोंडं आणि मधे दगडगोटे, माती, चुना यांची भर असते. पावसाळ्यात पाणी वरून आत शिरतं आणि उन्हाळ्यात दरजांतून हळूहळू बाहेर पडतं. चुन्याची दरज ते पाणी सोडते. सिमेंटची दरज ते अडवते. आत पाणी साचलं की भर फुगते, बाहेरचे दगड पुढे सरकतात, तटाला पोट सुटतं, आणि एखाद्या ऑगस्टमध्ये सगळी भिंत खाली येते. कोकणात जांभ्याचे तट आहेत, तिथे आणखी वाईट. दरजा बंद झाल्या की पाणी दगडातूनच वाट काढतं, बरोबरचे क्षार दगडाच्या तोंडाशी जमतात आणि दगडाचे पापुद्रे सुटायला लागतात. तुझी सिमेंटची रेघ जशीच्या तशी उभी राहील आणि तिच्या शेजारचा दगड झिजून आत जाईल. ज्याला तू पक्कं म्हणतोस त्याने गड मरतो.

चुन्याचं काम वेळखाऊ असतं, मला माहीत आहे. कळीचा चुना आणायचा, पाण्यात विरवायचा, दिवसेंदिवस मुरू द्यायचा, घाण्यात वाळूबरोबर मळायचा, गूळ, बेलफळ, हिरडा यांचं पाणी घालायचं. असं काम करणारे गवंडी आता थोडे उरलेत आणि त्यांची मजुरी जास्त आहे. मग? निविदेत सगळ्यांत कमी बोलीला काम मिळतं म्हणून तू चुना वगळलास, आणि अधिकाऱ्याने अंदाजपत्रकात चुना लिहिला होता तरी डोळेझाक केली. तो अधिकारीही आपल्याच शाळेचा. तोही इथे बसलाय. त्याचं म्हणणं असं की फेब्रुवारीत पैसे आले, एकतीस मार्चच्या आत खर्च दाखवायचा होता, चुना मुरायला वेळ कुठे होता? म्हणजे गडाचं काम गवंड्याच्या हिशोबाने नव्हे, लेखाशीर्षाच्या हिशोबाने चालतं. मार्चमध्ये निधी परत जाऊ नये म्हणून घाईने लावलेलं सिमेंट पुढची पन्नास वर्षं तटाला खात बसणार. तेव्हा निधी परत गेला असता तर बरं झालं असतं, असं म्हणायची वेळ तुम्ही आणलीत. आणि एक सांगून ठेवतो. काम संरक्षित वास्तूचं असेल तर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय तिथे खिळाही ठोकायचा नसतो. केंद्राच्या स्मारकाभोवती १०० मीटर नवीन बांधकामाला बंदी आहे, पुढच्या २०० मीटरवर नियंत्रण आहे. २०१० पासून कायद्यातच लिहिलंय. तुमची कमान कुठे उभी राहणार आहे ते टेपने मोजून पाहिलंत का?

पुतळ्याचं बोलतो. महाराजांचा पुतळा नको म्हणणारा मी कोण? पण मालवणला राजकोटावर काय झालं ते तुम्ही सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंय. ४ डिसेंबर २०२३ ला अनावरण झालं, २६ ऑगस्ट २०२४ ला पुतळा कोसळला. नऊ महिनेही झाले नव्हते. समोर समुद्रात सिंधुदुर्ग उभा आहे, १६६४ साली बांधायला घेतलेला, साडेतीनशे पावसाळे आणि साडेतीनशे वर्षांच्या लाटा खाऊन. त्या तटाच्या दगडाकडे एकदा नीट पाहिलं असतं तर घाई म्हणजे काय आणि बांधकाम म्हणजे काय यातला फरक कळला असता. त्यानंतर आणखी मोठा पुतळा उभा राहिला. बरं झालं. पण मधल्या काळात तुमच्यातल्या एकाने तरी सिंधुदुर्गाच्या तटाच्या पायथ्याशी लाटांनी काय झालंय याची चौकशी केली? विजयदुर्गाच्या तटाचा भाग ऑगस्ट २०२० मध्ये ढासळला, तेव्हा दोन दिवस संतापाचे मेसेज फिरले, मग गणपती आले आणि विषय संपला. पुतळा पडला की मोर्चा निघतो. तट पडला की 'श्रद्धांजली' लिहून रडक्या चेहऱ्याची इमोजी.

आता विषय शौचालयाचा. हसू नका. कोण हसलं? याच विषयावर मी सगळ्यांत जास्त बोलणार आहे, कारण याच विषयावर तुम्ही सगळ्यांत कमी बोलता.

शाळेची सहल गडावर निघाली की वरच्या वर्गातल्या मुली आदल्या रात्रीपासून पाणी पीत नसत. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. शाळेतल्या शिपाईबाईंनी एकदा मला बाजूला घेऊन सांगितलं. भर उन्हात, चढावर, तहान मारून चालणाऱ्या पोरी, आणि आम्ही पुढे उभं राहून त्यांना बुरुजाचा इतिहास सांगणार. तुमच्या आया, बहिणी, बायका आजही तसंच करतात. पायथ्याशी शौचालय बांधलेलं आहे, खोटं कशाला बोलू. निळ्या रंगाची पाटी आहे, उद्घाटनाची कोनशिला आहे, त्यावर अकरा नावं आहेत. दाराला कुलूप आहे. किल्ली कोणाकडे? ग्रामपंचायत म्हणते वनखात्याकडे, वनखातं म्हणतं समितीकडे, आणि समितीचे अध्यक्ष, म्हणजे तू, म्हणतोस की पाण्याची लाईन अजून आली नाही. पाण्याशिवाय शौचालय बांधायला परवानगी कशी मिळाली? अरे, बांधकामाला निधी होता आणि पाण्याला नव्हता; बांधकामाला ठेकेदार होता आणि झाडायला माणूस नव्हता. भिंतीला पैसा मिळतो कारण भिंतीवर पाटी लागते. झाडणाऱ्या बाईच्या महिन्याच्या पगारावर कोणाचं नाव कोरता येत नाही, म्हणून तो पगार कोणत्याच अंदाजपत्रकात सापडत नाही.

शौचालय कसं असावं तेही सांगतो, नाहीतर पुढच्या निवेदनात 'अत्याधुनिक' असा शब्द घालाल. ते गडावर नको, पायथ्याला हवं. वर नवीन बांधकाम जितकं कमी तितकं चांगलं. मैला टाक्यांच्या किंवा झऱ्याच्या बाजूला जिरता कामा नये, कारण खालच्या वाडीचं पिण्याचं पाणी तिथूनच येतं. पावसाचं पाणी साठवायला छपराला पन्हळी आणि टाकी हवी. बायकांच्या बाजूला दाराला आतून कडी हवी आणि कचऱ्याला झाकण असलेला डबा हवा. आणि पहिल्या दिवसापासून वाडीतल्या एका कुटुंबाला बारा महिन्यांचा ठरलेला पगार हवा. लोकांनी पाच रुपये दिले तर दिले, पण पगार त्या पाच रुपयांवर अवलंबून नको. एवढं लिहायला अर्धं पान पुरलं असतं. तुम्ही त्या अर्ध्या पानावर सेल्फी पॉइंटचं चित्र छापलंत.

वाडीचा विषय निघालाच आहे तर. तुमच्या निवेदनात 'गडपायथ्याची अतिक्रमणे हटवून सुसज्ज फूड कोर्ट' अशी ओळ आहे. ही अतिक्रमणं कोण, माहीत आहे ना? वाटेत ताक आणि लिंबूपाणी विकणारी ती आजी. तिच्या सासऱ्याने गडावर गुरं राखली, नवरा अंधारात हरवलेल्या पर्यटकांना खाली आणून सोडायचा. कोणी पडलं की पहिली खाट तिच्या घरातून निघते. तिला हटवून तुम्ही शहरातल्या ठेकेदाराला गाळे देणार, आणि तो वडापावबरोबर प्लास्टिकच्या पिशव्या देणार. गडाचा पैसा गडाखालच्या घरांत गेला नाही तर गडाची राखण कोण करणार? तुम्ही? तुम्ही तर शनिवारी रात्री येता आणि रविवारी दुपारी पुण्याला परत.

राखणीवरून आठवलं. केंद्र सरकारच्या संरक्षणाखालच्या वास्तू २०२२ मध्ये देशात ३,६९३ होत्या. त्यांपैकी फक्त २४८ ठिकाणी पहारेकरी होते, असं त्या वर्षी संसदीय समितीपुढे सांगितलं गेलं. ही केंद्राची अवस्था; राज्याचे आणि कोणाच्याच यादीत नसलेले गड तर देवाच्या भरवशावर. महाराष्ट्रात साडेतीनशेच्या वर किल्ले आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांवर रात्री कोणी नसतं. म्हणून कोरीव दगड गायब होतात, तोफा भंगारात जातात, गुप्तधनाच्या वेडाने समाध्या आणि देवड्या खणल्या जातात. सीसीटीव्हीची मागणी केलीत, छान. कॅमेऱ्याला वीज कुठून, आणि चित्र बघायला कोण? एक गावकरी पहारेकरी, एक शिट्टी, एक टॉर्च आणि वेळेवर पगार. एवढं द्या, मग कॅमेरे लावा.

आता जे परदेशातून निधी जमवताहेत त्यांच्यासाठी. न्यू जर्सीत बसून तुम्ही मनापासून पैसे गोळा केलेत, त्याबद्दल शाबासकी. पण मोबदल्यात देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी महादरवाजात हवी, ही अट कोणी घातली? गडाच्या काळ्या दगडावर पांढरा संगमरवर. ज्याने रायगड बांधला त्या हिरोजीने आपलं नाव कुठे कोरलं, ठाऊक आहे? जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीशी, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायाखाली. तुम्हाला तर कपाळाच्या उंचीवर हवं.

आणि ती श्रमदान करणारी पोरं, ज्यांच्याबद्दल मला खरोखर आदर आहे, त्यांनाही दोन शब्द. तुम्ही सुट्टीच्या दिवशी घाम गाळता. पण टाक्यातला गाळ काढताना फावड्याने उपसून दरीत फेकलात. त्या गाळात खापरं असतात, नाणी असतात, हाडं असतात. तो चाळून बघायचा असतो, पुरातत्त्व खात्याच्या माणसासमोर काढायचा असतो, कुठून काय निघालं ते लिहून ठेवायचं असतं. तटावर उगवलेला पिंपळ तुम्ही दोर लावून ओढून काढलात. मुळासकट निघाला आणि चार दगड घेऊन खाली गेला. तो बुंध्याशी कापायचा असतो, मुळावर औषध लावायचं असतं, मूळ वाळू द्यायचं असतं. उत्साह असला की पद्धत लागत नाही, हा समज माझ्या वर्गात कोणी शिकवला नव्हता. आणि दरवाजाला ऑइल पेंट? काळ्या दगडाच्या कमानीला भगवा ऑइल पेंट? तो आता खरवडून काढायचा खर्च कोण देणार, विचार करा.

काहींच्या चेहऱ्यावर दिसतंय की सर म्हातारपणी नकारात्मक झाले. जागतिक वारसा यादीत आपले गड गेले, जुलै २०२५ मध्ये, बारा किल्ले, अकरा महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. ढोल वाजले, पेढे वाटले. मलाही आनंद झाला, पेढा मीही खाल्ला. पण युनेस्को पैसा पाठवत बसत नाही. नाव यादीत गेलं म्हणजे जबाबदारी आपल्या गळ्यात पडली. त्या बारांपैकी आठांची देखभाल केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे. साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड राज्याकडे. गर्दी मात्र दोन्हीकडे सारखीच वाढली आहे, आणि पावसाळ्यातल्या रविवारी लोहगडाच्या दारात श्वास घ्यायला जागा नसते. वर एकाच वेळी किती माणसं झेपतील, हे कोणी ठरवणार आहे की नाही? दिवसाचा आकडा ठरवा, पायथ्याला मोजणी ठेवा, आकडा भरला की दोर लावा, लोकांना खाली चहा पाजा आणि परत पाठवा. मतदार नाराज होतील म्हणता? होऊ देत.

रायगडावर हत्ती तलाव आहे. वर्षानुवर्षं कोरडा पडलेला, पाणी धरायचाच नाही. त्याची गळती शोधून बुजवली आणि २०२० च्या पावसाळ्यात त्यात पाणी साठलं. सहाशे कोटींच्या आराखड्यातलं मला सगळ्यांत आवडलेलं काम हे. त्याला ना दिवे लागले, ना कमान. पाणी कुठून जातं हे शोधणारी माणसं लागली, चुना समजणारे हात लागले आणि पावसाची वाट बघण्याचा धीर लागला. तुमच्या गडावर वरच्या अंगाला सात टाकी आहेत, त्यांतली दोन पाणी धरतात. उरलेल्या पाचांची नावंसुद्धा निवेदनात नाहीत. तुमच्यातल्या कोणाला ती नावं येतात? ...ठीक आहे. आजीला विचारा, ताकवालीला. तिला सगळी येतात.

तिकिटाची मागणीही आहे तुमची. लावा तिकीट, माझी हरकत नाही. लोक मॉलच्या पार्किंगला पैसे देतात, गडाला का देणार नाहीत? पण केंद्राच्या गडावर पंचवीस रुपयांचं तिकीट काढलं की ते पैसे त्या गडाच्या पेटीत पडत नाहीत, सरकारच्या एकत्रित निधीत जातात. म्हणून आपल्या गडाला तिकीट लागणार असेल तर आधी लेखी घ्या की वसुलीतला ठरलेला वाटा याच गडाच्या झाडलोटीला आणि डागडुजीला परत येईल, आणि त्याचा जमाखर्च दर तीन महिन्यांनी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागेल. फळ्यावर, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर नव्हे. आणि जे काही नवीन बांधाल त्याच्या रकमेशेजारी त्याच्या पुढच्या दहा वर्षांच्या देखभालीची रक्कम लिहा. ती लिहिता येत नसेल तर ते बांधू नका. सरकारी निधीची ही एवढी एक अट तुम्ही स्वतःवर घालून घेतलीत तर निम्म्या कमानी आपोआप कागदावरच राहतील.

मे महिन्याचा शेवट जवळ आलाय. पहिल्या पावसाआधी फांजीवरचं, म्हणजे तटावरच्या चालवाटेवरचं, गवत कापायचं आहे, तटाच्या पाणी जायच्या भोकांतली माती काढायची आहे, आणि खात्याचा माणूस हजर राहील असं पत्र आज संध्याकाळच्या आत गेलं पाहिजे. ते पत्र तू लिहिशील, अधिकारी; मराठीत, एका पानात, 'भरीव' हा शब्द न वापरता. कंत्राटदार, तू चुना करणारा गवंडी शोधून आण, आणि त्याची मजुरी तुझ्या मागच्या बिलातल्या नफ्यातून दे. अध्यक्ष, तू आज शौचालयाची किल्ली शोधणार आहेस. बाकीच्यांपैकी रविवारी पहाटे पाचला कोयता आणि स्वतःची पाण्याची बाटली घेऊन कोण येतंय? हात वर करा. सरळ, कोपर वाकवू नका. ज्याने हातात फोन धरलाय त्याने तो खाली ठेवून पुन्हा हात वर करावा.